उघडिपीचे आठ दिवस

"मला एकदा बेटावर जायचंय," असं आईने जाहीर केल्याला दोन रविवार होऊन गेले होते, आणि तेवढ्यात घरात तीन पक्ष पडले होते. दादाचा पक्ष म्हणत होता, जानेवारीत जाऊ. बाळ्याचा पक्ष म्हणत होता, आत्ताच जाऊ आणि झोकात जाऊ. ताईच्या पक्षाचं म्हणणं होतं की जायचंच नाही. प्रत्येक पक्षात एकेकच माणूस असल्यामुळे फूट पडायची भीती नव्हती. राहता राहिली दादाची बायको, वहिनी. ती दोन आठवडे या विषयावर अवाक्षर बोलली नव्हती, आणि ताईला धास्ती होती ती नेमकी तिचीच.

रविवारी अकराला सगळे आईच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमले. आई टोकाला, तिच्या हाताच्या खुर्चीत. समोर वाटीत बर्फाचे चार खडे. दिवसाला तीन पेले पाणी एवढीच तिला परवानगी होती, आणि त्यातच चहा आला, दूध आलं, सूप आलं. म्हणून तहान लागली की ती एक खडा गालात धरायची आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. तीस वर्षं तिने नगरपालिकेच्या तलावात निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं. चांगल्या मिशीवाल्या बाप्यांना मानगूट धरून पाण्यात उतरवलं होतं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्याचे तीन दिवस चार-चार तास ती डायलिसिसच्या खुर्चीत पडून असायची. आवाज मात्र अजून तलावाच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जाईल असाच होता.

"करा सुरू," ती म्हणाली. "मला नंतर आडवं व्हायचंय."

बाळ्याने फोन टेबलावर फिरवला. त्रेचाळिशी उलटली तरी घरात तो बाळ्याच होता. जाहिरातींचे फोटो काढायचा, त्यामुळे जग त्याला नेहमी चांगल्या उजेडातच दिसायचं. फोटोत पांढरीशुभ्र वाळू होती, पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्या होत्या, आणि खोलीतून थेट समुद्रात उतरणारी शिडी होती.

"आई, हे बघ. पाय खाली सोडले की समुद्र! आणि पावसाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं. अख्खं बेट आपलं."

"आणि डायलिसिस?" ताईने विचारलं.

"मोठं बेट आहे ना शेजारी. मोटरबोटीने चाळीस मिनिटं."

दादा हसला. तो बंदरावर क्रेन चालवायचा. सव्वीस वर्षं समुद्राकडे वरून बघत आल्यामुळे समुद्राच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असं तो धरून चालायचा. "बाळ्या, ऑगस्टमध्ये वारा फिरला की आमच्याकडे मोठमोठी जहाजं दोन-दोन दिवस बाहेर नांगर टाकून बसतात. तुझी मोटरबोट म्हणजे काड्यापेटी. त्यापेक्षा जानेवारीत जाऊ. आरशासारखा असतो समुद्र. पाच-सहा महिन्यांत काय बिघडतंय?"

काय बिघडतंय ते ताईला माहीत होतं. तिचं औषधांचं दुकान होतं. आईच्या गोळ्या तीच लावून द्यायची, तपासण्यांचे कागद आधी तिच्या हातात पडायचे. गेल्या महिन्यात आईच्या हृदयाची तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं आणि म्हणाल्या, "काही करायचं मनात असेल तर फार लांबणीवर टाकू नका." ताईने तो कागद दुकानातल्या कपाटात अगदी मागे सारला आणि भावांना सांगितलं, सगळं ठीक आहे. त्यानंतर आठवड्याभरातच आईने बेटाचं काढलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तीस वर्षं माणसांचे श्वास मोजत आलेल्या बाईला स्वतःचा श्वास कळला नसेल, असं कोण म्हणणार?

"हे बघा, मला कुठलाच महिना नको," ताई म्हणाली. "तिथे काही झालं तर कोण बघणार? घरी आहे ते नीट चाललंय, ते चालू दे."

"नीट चाललंय," आई बर्फाचा खडा गालात फिरवत म्हणाली. बस, तेवढंच.

तेवढ्यात वहिनी आली. काखेत गुंडाळी केलेला चार्ट पेपर, कानाला फोन. "हो हो बाई, सोमवारी पुन्हा करते. तुमचे फार उपकार झाले," असं म्हणून तिने फोन ठेवला, टेबलावरच्या बश्या एका बाजूला सारल्या आणि कागद पसरला. एका कोपऱ्यावर मिठाची बाटली ठेवली, दुसऱ्यावर बाळ्याचा फोन.

कागदावरचे चौकोन बघताच ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. वहिनी एका मोठ्या शाळेत उपमुख्याध्यापिका होती. बेचाळीस वर्ग आणि सत्तर शिक्षकांचं वेळापत्रक ती दर वर्षी एकटी बसून लावायची, आणि वर्षभर त्यात कुणाचा तास कुणाच्या तासावर आदळायचा नाही. शाळेत त्याचं कौतुक होत असेल. पण पाच वर्षांपूर्वी अण्णा शेवटचे आजारी असताना वहिनीने असाच कागद दवाखान्याच्या खोलीत लावला होता, आणि त्यात ताईच्या वाट्याला फक्त गुरुवार आला होता. माझ्या बापाच्या उशाशी बसायला मला तास मिळाला, असं ताई त्यानंतर मैत्रिणींना कितीदा तरी बोलून दाखवत असे. वहिनीला ती कधीच काही म्हणाली नाही. फक्त हाक मारताना तिच्या आवाजातून काहीतरी गेलं ते परत आलं नाही.

"जानेवारी नको," वहिनी म्हणाली. "ऑगस्टचा शेवटचा आठवडा. शनिवार ते शनिवार."

दादाने बायकोकडे बघितलं. "भर पावसाळ्यात? तुला समुद्रातलं काय कळतं?"

"काहीच नाही. म्हणून तर विचारत बसले." तिने पेन्सिल उचलली. "भावजींचं बेट देखणं आहे, पण लहान आहे. मी त्याच्या शेजारचं मोठं धरलंय. देखणं नाही. बंदर आहे, बाजार आहे, तीन शाळा आहेत, सरकारी दवाखाना आहे, आणि त्या दवाखान्यात डायलिसिसच्या चार खुर्च्या आहेत."

"म्हणजे सुट्टीला जाऊन दवाखान्यासमोर राहायचं?" बाळ्या कळवळला.

"भावजी, पावसाळ्यात बोट बंद पडणार हे धरूनच चालायचं. आपण ठरवायचं ते एवढंच, की बंद पडली तर कुठे अडकायचं. तुमच्या बेटावर अडकलो तर आईंची खुर्ची पाण्याच्या पलीकडे. इथे अडकलो तर खुर्ची चालत पाच मिनिटांवर. परतीच्या शनिवारी बोट मिळाली नाही, तर त्यापुढचा सोमवारही मी धरून ठेवलाय."

ताईने मनातल्या मनात सोमवार, बुधवार, शुक्रवार लावून बघितले. कुठे आदळत नव्हते.

"आणि जानेवारीत त्या खुर्च्या मिळत नाहीत," वहिनी पुढे म्हणाली. "मोसमात बाहेरून फिरायला येणारे पेशंट वर्षभर आधी अडवून ठेवतात. पावसाळ्यात फक्त बेटावरचे तिघे. चौथी रिकामी. तिथल्या सिस्टरांना मी विचारलं, वीज गेली तर काय. म्हणाल्या, जनरेटर आहे. म्हटलं, शेवटचा चालवला कधी? त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, काल चालवून बघितला, बॅटरी उतरली होती, नवीन बसवून घेतली."

बाळ्या मोठ्याने हसला. "वहिनी, तुम्ही इथे बसून त्यांचा जनरेटर दुरुस्त करून घेतलात!"

"पण पाऊस?" दादाने शेवटचा नांगर टाकला. "पाऊस तर तुझं ऐकणार नाही ना? शाळेतल्या पोरांसारखे त्याला तास लावून देता येत नाहीत."

"नाहीच येत. हवामानाचे आकडे मिळाले, पण ते महिन्याचे होते. महिन्यात किती पडला ते कळून काय करू? कुठल्या दिवशी पडला ते हवं होतं. मग सुचलं की शाळेत हजेरीपट असतो." तिने चार्टवरच्या बारीक ठिपक्यांवर पेन्सिल टेकवली. "ज्या दिवशी वादळी पाऊस, त्या दिवशी पलीकडच्या वस्त्यांतली मुलं होडीने येऊ शकत नाहीत. हजेरी निम्म्यावर येते, तिथे मी ठिपका दिला. तिथल्या मुख्याध्यापिकांना विनंती केली. त्या बाईंनी आठ वर्षांचे हजेरीपट काढून मला एकेक दिवस वाचून दाखवला, तीन संध्याकाळी बसून. आठांपैकी सात वर्षं ऑगस्टच्या शेवटी आठ-दहा दिवस वर्ग भरलेले आहेत. उघडीप असते."

ताईने कागदाकडे वाकून बघितलं. आठ ओळी होत्या, एकेका वर्षाची एक. ठिपक्यांची गर्दी, आणि एक ओळ सोडली तर शेवटाला खरंच मोकळी जागा.

"आणि उघडिपीतही दुपारनंतर सर येतेच," वहिनी म्हणाली. "जिच्या घरात उतरायचं त्या बाईंना मी विचारलं, हवा कशी असते. त्या म्हणाल्या, छानच असते. सगळेच असं सांगतात. मग विचारलं, धुतलेले कपडे बाहेर कधी घालता नि आत कधी घेता? म्हणाल्या, सहाला घालते, अकराच्या आत काढते. म्हणजे सकाळचे पाच तास आपले."

आता मात्र बाळ्या उठून वहिनीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. त्याचा पक्ष विलीन झाला होता. टेबलाच्या अलीकडे दादा आणि ताई उरले. लहानपणापासून दोघांचं कधी एका गोष्टीवर जमलं नव्हतं, त्यामुळे एका बाजूला बसलेले बघून दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

"सगळं खरं," ताई म्हणाली. "पण प्रवास तिला झेपेल का, हे तुमच्या हजेरीपटात नाही. जानेवारीत निदान कोरडी हवा असते."

"कोरडी हवा हीच तर अडचण आहे." वहिनीने सासूकडे बघितलं. "आई, सांगू?"

"सांग की. माझीच तहान आहे."

"ऊन असलं की आईंना बर्फाचे आठ-नऊ खडे लागतात, आणि तरी त्या रात्रभर तळमळतात. ढगाळ दिवशी चार पुरतात. मे महिन्यात दोन डायलिसिसच्या मध्ये त्यांचं वजन तीन-तीन किलो वाढायचं, पाणीच साठायचं ते. गेल्या पंधरवड्यात आभाळ आहे, तर दीडच्या वर गेलेलं नाही. जानेवारीत त्या बेटावर लख्ख ऊन असतं, फोटोला छान. पण चहूकडे पाणी, डोक्यावर ऊन, आणि प्यायला तीन पेले. मला वाटलं, ती सुट्टी नाही, ती शिक्षा आहे. ज्याला पाणी कमी प्यायचंय, त्याने दमट हवेतच सुट्टीला जावं."

ताईची नजर वाटीकडे गेली. चार खडे. आज आभाळ होतं. रोजच्या गोळ्या डबीत लावणारी आपण, वजनाचे आकडे वहीत लिहिणारी आपण, आणि ऊन कुठल्या दिवशी होतं ते आपल्याला कधी लिहावंसं वाटलं नाही. "चहा टाकते," म्हणून ती उठली.

स्वयंपाकघरात आईचे बटाटे पाण्यात भिजत होते. पथ्यामुळे, दोनदा पाणी बदलून उकडल्याशिवाय ते तिला चालत नसत. ताई पाणी ओतून टाकत होती तेवढ्यात वहिनी कप घ्यायला आत आली.

"वहिनी, खरं सांगा. जानेवारी का नको?"

वहिनीने कप खाली ठेवले. "ताई, मला तपासण्यांतलं कळत नाही. तुम्ही ठीक म्हणालात, मी ठीक धरलं. पण मार्चमध्ये आई जिना चढताना एकदा थांबायच्या. आता दोनदा थांबतात. मी बेरीज केली, आणि पुढे केली नाही."

ताईला एकदम रडू आलं. तिने नळ सोडला, तो आवाज राहावा म्हणून. मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगून टाकलं, महिनाभर एकटीने धरून ठेवलेलं. शेवटी वहिनीने नळ बंद केला आणि पदराने नाही, हाताने, ताईचा गाल पुसला.

"एवढं एकटीने घेऊन बसलात?"

"तुम्ही मला गुरुवार दिला होतात," ताई म्हणाली. असं काही म्हणायचं तिने ठरवलं नव्हतं. आपोआप निघून गेलं. "अण्णांच्या वेळी. आठवड्यातला एक दिवस. मी बाहेरची होते का?"

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "मी कुठला देणार? अण्णांनीच मागून घेतला होता. बाकीचे दिवस तपासण्यांनी ते गळून जायचे. गुरुवारी काहीच नसायचं. म्हणाले, पोरगी येईल तेव्हा मला जागं राहायचंय, तिचा गुरुवार कर. आणि हे कुणाला सांगू नकोस, बाकीच्यांना वाईट वाटेल." ती थांबली. "मला वाटलं, तुम्हाला त्यांनी सांगितलं असेल."

गुरुवारी अण्णा खरंच बोलायचे. तासन् तास बोलायचे. बाळ्या म्हणायचा, माझ्या वेळी ते नुसते झोपून असतात, आणि ताईला वाटायचं, बाळ्याला बसून राहायचा कंटाळा, म्हणून तो असं सांगतो.

चहा तसाच राहिला. ताई बाहेर आली ती सरळ टेबलापाशी, आणि या बाजूच्या खुर्चीत न बसता पलीकडे जाऊन वहिनीच्या खुर्चीशेजारी बसली.

"औषधं माझ्याकडे," ती म्हणाली. "पंधरा दिवसांची नेणार, दोन वेगळ्या पिशव्यांत, एक वहिनींकडे एक माझ्याकडे. रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांचं पत्र, सगळं परवापर्यंत तिथल्या सिस्टरांना पाठवते. आणि दादा, तुला सांगायचं ते मी सांगेन. इथे नाही, घरी सोडताना गाडीत."

दादाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला काय समजायचं ते समजलं असावं. तो हळूहळू लाल झाला. मग चार्ट पेपर आपल्याकडे ओढून बराच वेळ वाचत बसला. "बोट सकाळचीच घ्या," तो शेवटी म्हणाला. "दुपारी वारा चढतो. आणि आईला मध्यभागी बसवायचं, खालच्या मजल्यावर. तिथे हेलकावा कमी लागतो."

"लिहिते," वहिनी म्हणाली, आणि लिहिलं.

आईने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "झालं? मग मी झोपते. आणि सूनबाई, पोहायचे कपडे तेवढे माझे मी घेईन. ते कुणाच्या यादीत घालू नकोस."

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, ठरल्या शनिवारी ते निघाले आणि बोटीत आई मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसली. बेट खरोखरच देखणं नव्हतं. पत्र्याची छपरं, चिखलाचा बाजार, दोरीवर वाळत घातलेली जाळी. पण घरामागे दोनशे पावलांवर एक खाडीसारखा कोपरा होता. बाहेर खडकांची रांग लाटा अडवायची, आत पाणी स्वस्थ पडून असायचं. रविवारी सकाळी सातला आई तिथे उतरली. दादा एका बाजूला, बाळ्या दुसऱ्या. छातीइतक्या पाण्यात गेल्यावर तिने दोघांना दूर व्हायला सांगितलं, त्याच जुन्या आवाजात. आणि पाठीवर पडली. हातापायांना काही काम दिलं नाही. ताई काठावर उभी राहून तिचा श्वास मोजत होती. काठीवर जिना चढणारं ते शरीर पाण्यात वजनच नसल्यासारखं दिसत होतं, आणि चेहरा इतका निवांत, की बाळ्या कॅमेरा गळ्यात असून फोटो काढायचं विसरला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरल्याप्रमाणे झाले. मधल्या सकाळी पोहणं, अकराला कपडे आत, दुपारी पाऊस. उघडीप हजेरीपटात होती तशीच निघाली, फक्त शुक्रवारी संध्याकाळी ती संपली. दोन दिवस आधीच. शनिवारी बंदरावर लाल बावटा चढला, बोट सुटली नाही. रविवारीही नाही. दादा दर तासाला धक्क्यावर जाऊन यायचा आणि भिजून यायचा. त्याच्या बुटांचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा.

सोमवारी दुपारी पावसाने जोर धरला. दोनला खुर्चीची वेळ होती. दीडला दादा खोलीत आला. "रस्त्यावर घोटाभर पाणी आहे. तुमच्या वहिनीला विचारा आता काय करायचं. कागदात याचं काहीतरी असेलच. कुठेय ती?"

वहिनी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत होती. डोकं एका खांद्यावर कललेलं, चष्मा छातीवर, पेन्सिल हातातून सुटून खाली पडलेली. गाढ झोपली होती. लग्नाला तीस वर्षं झाली, पण या घरातल्या कुणी तिला दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. दादाने तिच्या खांद्याला लावायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. ती आधीच रेनकोट चढवत होती. "तिला उठवायचं नाही. मी नेते आईला. तू पुढे हो, पाणी कुठे कमी आहे बघ. बाळ्या, खुर्ची घे ती, हातांची. आपण दोघं मिळून उचलू आईला."

आईला खुर्चीसकट उचलून ते पायऱ्या उतरले. पाऊस असा कोसळत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं, तरी शेवटच्या पायरीवर खुर्ची टेकवून ताई मागे वळली, परत वर गेली, आणि व्हरांड्याचा पडदा सोडून त्याची दोरी खांबाला बांधली. वहिनीच्या अंगावर तुषार येत होते.